'अवांतर' कोणाला अवांतर?

दरवर्षी जूनमध्ये शाळांची दारे उघडतात आणि त्याच सुमारास शहरांत वृत्तपत्रांच्या घडीतून रंगीत पत्रके गळू लागतात. रोबोटिक्स, वेदगणित, गिटार, कथ्थक, बुद्धिबळ, वक्तृत्व, 'व्यक्तिमत्त्व विकास' अशी विद्यांची मांडणी त्यांवर असते आणि प्रत्येकीखाली शुल्काचा आकडा असतो. आपल्या मुलाला चित्र काढता यावे, चार माणसांत उभे राहून बोलता यावे, असे कोणत्या आईबापाला वाटत नाही? त्या इच्छेला नावे ठेवण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप या मांडणीच्या मुळाशी असलेल्या एका शब्दाला आहे. तो शब्द म्हणजे 'अवांतर'. खेळ, संगीत, नाटक, चित्रकला, विज्ञानाचे प्रयोग, ग्रंथालय, सहल या साऱ्यांना एकदा अवांतर ठरवले की पुढचा प्रवास आपोआप होतो. जे अवांतर ते ऐच्छिक; जे ऐच्छिक ते स्वखर्चाने; आणि जे स्वखर्चाने ते ज्याची ऐपत त्याचे. शिक्षणाच्या खाजगीकरणाविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या आपल्या चळवळीच्या डोळ्यांदेखत शिक्षणाचा एक मोठा भाग असा बिनबोभाट विकला गेला आणि आपण त्याविरुद्ध फारसा ब्रही काढला नाही.

वास्तविक या विद्या अवांतर आहेत असे कोणत्याही शिक्षण आयोगाने म्हटलेले नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने असे उपक्रम हा शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग मानावा आणि प्रत्येक शिक्षकाने त्यांसाठी ठरावीक वेळ द्यावा, अशी शिफारस केली होती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव आणि समाजसेवा यांना सर्व स्तरांवर स्थान मागितले, आणि त्याच्या जोडीला शेजारशाळेची कल्पनाही मांडली. त्याही आधी, १९३७ मध्ये वर्ध्याला, हाताच्या कामातून शिक्षण हा विचार याच भूमीत मांडला गेला होता. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर अभ्यासक्रम आणि अभ्यासक्रमेतर असा भेदच नको असे सांगते, आणि सहावी ते आठवीच्या मुलांना दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडे पाठवा म्हणते. भेद नको हे ठीक. पण भेद मिटवायला जो माणूस लागतो तो कोठे आहे? वर्षातले दहा दिवस सुताराकडे आणि उरलेले दिवस बिनशिक्षकाच्या वर्गात, याला धोरण म्हणायचे असेल तर म्हणोत बापडे.

कायद्याचेही तेच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि ग्रंथालय हवे असे लिहिले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांना कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी निदेशक हवेत असेही लिहिले आहे. परंतु ते अंशकालीन, आणि तेही पटसंख्या शंभरावर असेल तरच. म्हणजे डोंगरातल्या, वाडीवस्तीवरच्या, आदिवासी पाड्यावरच्या शाळेतील मुलाला गाण्याचा आणि खेळाचा हक्क नाही, कारण त्याच्या शाळेत पुरेशी मुले नाहीत. नववी-दहावी तर या कायद्याच्या बाहेरच. गणिताचा शिक्षक कंत्राटी असला की आपल्याला चीड येते. चित्रकलेचा शिक्षक अंशकालीन असणे मात्र आपल्यालाही स्वाभाविक वाटते. 'अवांतर' या शब्दाचा विजय येथे दिसतो. तो आपल्याही डोक्यात शिरला आहे.

आता गुणांच्या बाजाराकडे वळू. दहावीच्या परीक्षेत खेळ, चित्रकला, शास्त्रीय कला आणि लोककला यांसाठी वाढीव गुण देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. हेतू उदात्त असेल. परिणाम काय झाला? २०२५ च्या दहावीच्या निकालात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले आणि त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागातले होते. त्या मुलांच्या कष्टांबद्दल आम्हाला आदरच आहे. परंतु पाच सर्वोत्तम विषय आणि त्यावर वाढीव गुण अशा हिशेबाने जिथे शंभराचा उंबरठा गाठला जातो, तिथे चित्र काढणे हा आनंद राहत नाही, तो टक्केवारीचा एक हप्ता होतो. शिवाय हे गुण कोणाला मिळतात? मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र असेल त्याला. जत्रेत रात्रभर हलगी वाजवणारा पोरगा, काकड्याला मृदंगावर बसणारा पोरगा, जात्यावरच्या शंभर ओव्या मुखोद्गत असलेली पोरगी यांच्याजवळ कला आहे, प्रमाणपत्र नाही. ज्यांच्या घरातून लोककला जन्माला आली त्यांना ती सिद्ध करायला कागद आणावा लागतो, आणि ज्यांनी ती दोन वर्षांपूर्वी वर्ग लावून शिकली त्यांच्या हातात कागद आधीच असतो.

यावर एक प्रामाणिक हरकत येते. ग्रामीण भागातल्या कित्येक कबड्डी-खो-खो खेळणाऱ्या मुलामुलींना क्रीडागुणांनीच दहावीचा अडथळा पार करून दिला आहे, ते गुण काढून घेणार काय? हे खरे आहे, आणि म्हणून आम्ही सरसकट रद्द करा म्हणत नाही. मैदानावर वर्ष घालवलेल्या मुलाला उत्तीर्ण होण्यापुरती सवलत जरूर द्या. मात्र उत्तीर्ण झालेल्याच्या टक्केवारीवर त्याच गुणांचा मजला चढवू नका. पहिली गोष्ट आधार आहे, दुसरी मिरासदारी आहे. दोन्हींना एकाच नियमात बसवण्यात कोणाचे हित साधले जाते, हे सांगायला हवे काय?

केरळचा अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. १९५७ पासून तेथे शासन राज्यव्यापी शालेय कलोत्सव भरवते आणि सरकारी शाळांतली मुले त्यात हजारोंनी उतरतात. सार्वजनिक पैशातून एवढा मोठा कलोत्सव चालवता येतो, हे त्या राज्याने दाखवून दिले. पण कलेला गुण जोडले गेले आणि तिथेही निकालावर अपिले, अपिलांवर न्यायालये, महागडे पोशाख, बाहेरून आणलेले गुरू असा प्रकार माजला. सर्वोत्तम मुलगा व सर्वोत्तम मुलगी यांना दिले जाणारे 'कलाप्रतिभा' आणि 'कलातिलक' हे किताब शेवटी बंद करावे लागले. गुणांची अट शिरली की सार्वजनिक रंगमंचावरही खाजगी पैसा चढतो, एवढे यावरून घ्यावे.

परंतु पैशाहूनही निर्दय अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे घड्याळ. सहशालेय उपक्रम शाळा सुटल्यावर होतात. ग्रामीण महाराष्ट्रात शाळा सुटल्यावर काय होते? एसटी येते. मुलींना पासाचे पैसे द्यावे लागत नाहीत, मानव विकासच्या गाड्यांनी कित्येक मुलींची शाळा टिकवली. हे मोठे काम आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण त्या गाडीचे वेळापत्रक शेवटच्या घंटेला बांधलेले असते. नाटकाच्या तालमीला थांबली की गाडी गेली. गाडी गेली की पाच-सहा किलोमीटर अंधारातून चालणे आले, आणि बापाने शाळेतून काढण्याला निमित्त मिळाले. वेळेवर घरी पोचली तरी पाणी, गुरे, चूल, धाकटी भावंडे वाट पाहत असतात. तिच्यासाठी 'शाळेनंतर' असा काळच अस्तित्वात नाही. ज्या उपक्रमाची वेळ शाळेनंतर ठेवली तो तिला जाणूनबुजून नाकारला असेच समजावे.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचे याहून बिकट. दसरा-दिवाळीच्या आसपास बीड-नगरच्या गावांतून कोयते बाहेर पडतात आणि मार्चपर्यंत, कधी त्यानंतरही, फडावर असतात. शाळेच्या वर्षातले रंगीत दिवस नेमके याच महिन्यांत येतात. स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन, सहल सारे डिसेंबर-जानेवारीत. मूल परतते तेव्हा राहिलेली असते ती वार्षिक परीक्षा. म्हणजे शाळा या मुलाला जेवढी भेटते ती केवळ परीक्षेच्या रूपात भेटते. मग हे मूल शाळेला कंटाळून गळाले की त्याला 'गळती' असे नाव देऊन अहवालात एक रकाना भरायचा!

आपल्यातच काही साथी असे आहेत की ज्यांना हा सारा विषय मध्यमवर्गीय चैनीचा वाटतो. आधी भाकरी, मग बासरी, असे ते म्हणतात. युक्तिवाद जुना आहे आणि दिसायला क्रांतिकारक आहे. पण या भूमीतल्या कष्टकऱ्यांच्या चळवळींचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. सत्यशोधकी जलशांवाचून बहुजनांपर्यंत महात्मा फुल्यांचा विचार तितका पोचला असता काय? शाळेत जेमतेम दीड दिवस टिकलेल्या अण्णाभाऊ साठ्यांना कामगारांनी शाहीर केले ते भाकरीचा प्रश्न सुटल्यावर नव्हे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले आणि राम नगरकर घडले, ते शुल्क भरून नव्हे. श्रमिकांनी गाणे कधीच अवांतर मानले नाही. ते अवांतर ठरवले शाळेने, आणि ज्यांना गाण्याचे मोल कळले होते त्यांनी ते आपल्या मुलांसाठी गुपचूप विकत घेतले. आधी भाकरी म्हणणाऱ्या कित्येकांची स्वतःची मुले शनिवारी तबल्याच्या वर्गाला जातात, हेही येथे नमूद करणे भाग आहे.

काहींची मदार दातृत्वावर असते. खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या माणसाच्या थोरवीपुढे आपण नतमस्तकच व्हावे. पण तो व्यवस्थेचा पुरावा नव्हता, तिच्या अभावाचा होता. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळायला २०२४ उजाडले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक जिंकला. तो २००९ मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला होता. बंदूक आणि काडतुसे हा श्रीमंतांचा खेळ. तो एका खेड्यातल्या शिक्षकाच्या मुलाला खेळता आला, यात कुटुंबाच्या ओढाताणीबरोबर सार्वजनिक संस्थेचाही वाटा आहे. अशी संस्था प्रत्येक तालुक्याला का नसावी, याचे उत्तर एकाही मंत्र्याने पदकाच्या सत्कारात दिले नाही, आणि आपणही विचारले नाही.

विज्ञानाच्या बाबतीतही मार्ग ठाऊक नाही असे नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा खेडवळ माध्यमिक शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा उपक्रम सुरू झाला. स्वस्त साहित्य, शेतातली पाने-किडे, आणि पुन्हापुन्हा प्रशिक्षण घेणारे साधे सरकारी शिक्षक एवढ्यावर तो सुमारे हजार शाळांपर्यंत पोचला. तो वर्गात, वेळापत्रकात, सर्व मुलांसाठी होता. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. आज त्याच कामासाठी अटल टिंकरिंग प्रयोगशाळेला शाळेमागे वीस लाख रुपये मिळतात, आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी अशा पन्नास हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. यंत्रे येतील. ती हाताळायला शिकवणारा पूर्णवेळ माणूस नसेल, तर खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात राहील आणि अधिकारी आले की कुलूप उघडेल.

तेव्हा मागणी करायची ती वस्तूंची नव्हे, माणसांची आणि वेळेची. पटसंख्येची अट काढून कला, क्रीडा आणि कार्यशिक्षणाचे शिक्षक पूर्ण वेतनावर नेमावेत. शाळा लहान असतील तर चार शाळांना मिळून एक, पण कायम. नववी-दहावीलाही तेच लागू करावे. हे तास शाळेच्या वेळातच असावेत आणि परीक्षा जवळ आली म्हणून ते गणित-इंग्रजीला देऊन टाकण्याची मुभा कोणालाही नसावी. विधिमंडळात हे मांडण्याचे काम आपल्या नेत्यांचे. तालुक्यात करण्यासारखे मात्र त्यांची वाट पाहत थांबायला नको. शाळा व्यवस्थापन समित्यांवर आपले किती कार्यकर्ते आहेत याची मोजदाद करा. त्यांच्यापैकी कितीजणांनी आजवर वेळापत्रक मागून पाहिले हेही विचारा. आगारप्रमुखाकडे जाऊन आठवड्यातून दोन दिवस मुलींची गाडी तासभर उशिरा सोडायला सांगा. आणि ज्या गावांतून कोयते निघतात त्या गावांत स्नेहसंमेलन सप्टेंबरात घ्या, असे मुख्याध्यापकांना सांगायला शिष्टमंडळ लागत नाही. दोन कार्यकर्ते पुरतात.