कुलूप कोणासाठी?

मुरबाड तालुक्यातील एका कार्यशाळेत गेलो असता एका बाईने अर्धी विणलेली बांबूची करंडी पदराआड लपविली. माझ्यापासून नव्हे, शेजारणीपासून! ‘नमुना चोरीस जातो, कोणास दाखवू नका,’ असे तेथे शिकविले जाते म्हणे. या शिकवणुकीला माझा स्पष्ट विरोध आहे.

ही बाई विणायला शिकली कोठे? आईच्या हातांकडे पाहूनच ना? वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाष्णी मिळून लिहितात. नवखीचा हात तेथेच वळतो. त्या चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन लाभले, तेही कोणा एका चित्रकाराला नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातला बांबू गौण वनोपज ठरविला. त्यावर साऱ्या वननिवासींचा हक्क. बांबू सर्वांचा आणि वीण मात्र पदराआड, हा कोठला न्याय?

चोरीचे भय खोटे आहे, असे मी म्हणत नाही. शहरातला व्यापारी फोटो काढून नेतो आणि तोच नमुना यंत्रावर स्वस्तात उतरवितो. मग कुलूप त्याला लावा की! आपण ते शेजारणीला लावतो. लपविलेल्या वस्तूला साक्षीदार कोठून मिळणार? ‘ही वीण हिचीच,’ असे व्यापाऱ्याला ठणकावून सांगतील त्या, ज्यांनी ती विणली जाताना पाहिली.

शहापूर-मुरबाडच्या भगिनींनो, शनिवारी दुपारी तासभर काम थांबवावे. प्रत्येकीने आपली वस्तू मांडावी, चिठ्ठीवर नाव लिहावे, वीण उलगडून दाखवावी. धर्मग्रामाच्या सभागृहाची किल्ली माझ्याकडे आहे, भाडे नाही.