आधी मोजा, मग बोला!

मित्रांनो, व्हायवाला हमखास येणारा प्रश्न : ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश पुढे कसा जातो? आपण झोपेतसुद्धा सांगू, ‘टोटल इंटर्नल रिफ्लेक्शन, सर!’ पण दोन टोकांमधली लिंक बंद पडली तर काय करायचं, हे मला कधी कोणी विचारलंच नाही. ते मी मागच्या मे महिन्यात वाईला शिकलो, आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्याच माणसाला पडला. म्हणून हा लेख.

वाई माझं गाव. तिथल्या एका ओळखीच्या शाळेच्या दोन इमारती आहेत, मध्ये साधारण चारशे मीटर अंतर. दोन्हीकडे एकेक स्विच आणि त्यांना जोडणारी एकच सिंगल मोड फायबर. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि नव्या इमारतीतला स्विच मॉड्यूलसकट गेला. त्याच आठवड्यात वायरमनकाका तिथल्या भिंतीवरची वायरिंग बदलत होते. नवा स्विच आला. मी मोठ्या रुबाबात बसवला, कपाटातल्या खोक्यातून एक नवं मॉड्यूल काढून लावलं. पण लिंकचा हिरवा दिवा काही लागेना.

स्विच चार वेळा बंद-चालू केला. पोर्ट बदलला, पॅच कॉर्ड बदलली, सेटिंग दोनदा बघितलं. सगळं ओके! मग राहिलं काय? केबल. आणि केबलजवळ हात कोणाचा गेला होता? काकांचा. हेडसरांनी लेखी मागितलं तेव्हा मी बिनधास्त लिहून दिलं, ‘वायरिंगच्या कामात फायबर तुटली आहे.’ काकांचं बिल अडलं. ते एवढंच म्हणाले, “पोरा, तुटली असती तर मीच सांगितलं असतं.” मला वाटलं, असं सगळेच म्हणतात.

तीन दिवसांनी साताऱ्याहून एक टेक्निशियन आले. त्यांनी स्विचला हातही लावला नाही. आधी पिशवीतून पॉवर मीटर काढला. मॉड्यूलमधून निघणारा प्रकाश उणे ६ डीबीएम, दुसऱ्या टोकाला पोचणारा उणे ७. म्हणजे अख्ख्या वाटेत घट फक्त १ डेसिबल! १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे साधारण ०.३५ डेसिबल जातातच, बाकीची घट जोडांची. उलट्या दिशेनेही तेच. फायबर ठणठणीत होती.

मग त्यांनी दोन्ही मॉड्यूल काढून लेबलं वाचली. दोन्हींवर एकच मजकूर : पाठवणार १३१०, घेणार १५५०. एकाच फायबरवरून दोन्ही दिशांना बोलायचं तर मॉड्यूल जोडीने लागतात. एक १३१० वर बोलणारं आणि १५५० ऐकणारं, दुसरं बरोबर उलटं. मी दोन्हीकडे एकाच जातीची लावली होती! दोघंही मराठीत बोलतायत आणि दोघांनाही फक्त कानडी कळतंय, असा प्रकार. जोडीतलं दुसरं मॉड्यूल लावलं आणि दिवा लागला.

मी हेडसरांना दुसरं पत्र दिलं, चूक माझी आहे म्हणून. काकांची माफी मागितली. बिलही निघालं. पण ते तीन दिवस शाळेत जो तो त्यांना ‘केबल तोडलीत ना?’ म्हणून विचारत होता, त्याचं काय? ते कुठल्याच पत्राने भरून येत नाही.

आमच्या वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते, पहिला खंड १९७६ साली निघाला. खात्री करून मगच लिहायचं, हा धडा ज्या गावात मिळायचा तिथल्याच पोराने काहीही न मोजता एका माणसाविरुद्ध लेखी दिलं!

कोणी म्हणेल, केबल खरंच तुटतात की. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर उखडणं काही नवीन नाही. मान्य! पण तेही मोजूनच कळतं. ओटीडीआर फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला ते बघतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ठोका १० मायक्रोसेकंदांनी परतला तर तुटलेली जागा १ किलोमीटरवर. यंत्र कोणाची बाजू घेत नाही. बाजू आपण घेतो, आणि ती नेहमी आपलीच असते.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. आपल्यातले कित्येकजण उद्या अशाच कामांवर असतील. लिंक बंद पडली की खापर सगळ्यात खालच्या माणसावर फुटतं, कारण त्याच्याकडे मीटर नसतो आणि आपल्याकडे डिग्री असते.

म्हणून माझी सरांना एक विनंती आहे. लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल असं ठेवा, ज्यात बिघाड मुद्दाम केलेला असेल. कधी कनेक्टरच्या तोंडावर बोटाचा ठसा (सिंगल मोडचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, त्याला धूळही पुरते), कधी कॉर्डला घट्ट वळसा, कधी न जुळणारं मॉड्यूल. जर्नलमध्ये ‘निष्कर्ष’च्या आधी ‘काय मोजलं’ असा रकाना हवा. तो रिकामा असेल तर सही देऊ नका.

आणि दोस्तांनो, सरांचं होईल तेव्हा होईल. तोवर लिंक डाऊन दिसली की आधी स्वतः शेवटचा हात कुठे लावला होता ते आठवा, आणि मॉड्यूलवरचं लेबल वाचा. फुकट आहे!