रंगाखालचा पत्रा

इंदूरच्या मोटारींची गोष्ट निघाली की होळकरांचे नाव ओघानेच येते. 1926 मध्ये गादीवर आलेले महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांना मोटारींचा मोठा षोक होता. त्यांच्या ताफ्यातील सर्वांत नावाजलेली गाडी म्हणजे 1930 नंतरच्या दशकात बनवून घेतलेली ड्यूसेनबर्ग. तिचे इंजिन व सांगाडा अमेरिकेत तयार झाला. वरची काया मात्र लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीच्या कारागिरांनी घडविली आणि तिला भगवा व काळा असा रंग चढविला. श्रीमंतांच्या गाड्या त्या काळी अशाच दोन ठिकाणी जन्म घेत. खालचा सांगाडा जाड पोलादाचा असे व सारा भार तोच वाही. त्यावर हाताने ठोकून आकार दिलेल्या पत्र्यांची काया अंगरख्याप्रमाणे चढविली जाई. अंगरखा फाटला तर उतरवून दुसरा घालता येत असे.

आमच्या वाचकांच्या अंगणात ड्यूसेनबर्ग सापडावयाची नाही. परंतु वडिलांनी किंवा आजोबांनी हौसेने घेतलेली एखादी फियाट अथवा अँबॅसिडर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली आहे अशी घरे आमच्या माहितीत आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट व पुढे तिचेच रूप असलेली पद्मिनी निघणे केव्हाच थांबले; अँबॅसिडरही 2014 मध्ये बंद झाली. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली, तेव्हा माणसे तिची छायाचित्रे काढावयास जमली होती. अशा गाड्यांविषयी आता पुन्हा ममता वाटू लागली आहे, आणि घरच्या घरी त्यांची काया दुरुस्त करावी अशी हौस तरुणांना होते. ही हौस चांगली आहे. मात्र तिच्या वाटेवर एक मोठी फसगत आहे; तिच्याविषयी आज दोन शब्द लिहावयाचे आहेत.

होळकरांच्या गाडीत आणि आपल्या फियाटमध्ये एक मूलभूत फरक आहे. फियाट 1100 किंवा अँबॅसिडर यांना निराळा सांगाडा नाही. जमिनीचा पत्रा, दाराखालच्या लांब पोकळ पट्ट्या, छत आणि खांब हे सारे एकत्र सांधून त्यांची पेटीच सांगाड्याचे काम करते. म्हणून येथे पत्रा हा केवळ अंगरखा नसून गाडीचा कणाही आहे. दाराखालची पट्टी, जिला आपण उंबरा म्हणू, गंजून पोकळ झाली तर दिसण्याचे तर बिघडतेच. अपघाताच्या वेळी आत बसलेल्या मुलाबाळांचे रक्षण करणारी भिंतही तेथे उरत नाही.

इंदुरातील आमच्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबात 1968 सालची फियाट आहे. वडील वारल्यानंतर ती कित्येक वर्षे शेडमध्ये उभी होती. घरातील मुलीचे लग्न ठरले, आणि नवरीने आजोबांच्या गाडीतूनच जावे असे सर्वांच्या मनात आले. लग्नास तीन आठवडे उरले होते. गाडी पूर्वी एका कारखान्यात रंगवून आणलेली असल्याने वरवर ठाकठीक दिसत होती. थोडे घासून नवा रंग दिला की झाले, असा सर्वांचा समज होता. धाकट्या मुलाने मात्र फडक्यात गुंडाळलेले एक लोहचुंबक घेतले व ते उंबऱ्यावरून हळूहळू फिरविले. वीतभर जागा अशी निघाली की तेथे चुंबक चिकटेचना. रंग खरवडला तो खाली बोटभर जाड पुट्टी, आणि पुट्टीखाली भोक. पूर्वीच्या कारागिराने गंज कापून न काढता त्यावर लेप देऊन तो झाकला होता. आतल्या आत गंज पुढे सरकत राहिला होता.

घरात दोन मते पडली. तूर्त पुन्हा लेप द्यावा, लग्न पार पडू द्यावे, मग पाहू, असे काहींचे म्हणणे. अखेर आईने निर्णय दिला: ज्या गाडीत आपण परक्याच्या लेकराला बसविणार नाही, तीत आपली लेक कशी बसवावी? नवरी दुसऱ्या मोटारीतून गेली. फियाटचे काम दिवाळीनंतर सुरू झाले आणि होळीपर्यंत चालले.

त्या कामातून जे शिकण्यासारखे आहे ते क्रमाने सांगतो.

प्रथम परीक्षा. सतरंज्या उचलून जमिनीचा पत्रा पाहावा, चाकांच्या कमानी, डिकीतील जादा चाकाची जागा, पुढील काचेच्या रबराखालची कड आणि दोन्ही उंबरे तपासावे. बोथट स्क्रू ड्रायव्हरने दाबून पाहावे. चांगला पत्रा खणकन वाजतो, गंजलेला दबतो किंवा चुरा होऊन गळतो. दारांच्या व उंबऱ्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती पाने व माती यांनी बुजली की पाणी आतच साचते, आणि गाडी आतून कुजू लागते. गंजास पाणी व हवा दोन्ही लागतात. त्यांत मीठ मिळाले की त्याचा वेग फार वाढतो. माळव्याच्या पठारावर पावसाळा सोडला तर हवा कोरडी असते, म्हणून इंदुरात गाड्या टिकतात. वसई-अलिबागकडील आमच्या वाचकांनी मात्र खाऱ्या वाऱ्याचा हिशेब धरून ही परीक्षा दरवर्षी करावी.

दुसरे काम गंज काढण्याचे. वरवरचा गंज तारेच्या ब्रशाने व पॉलिश पेपराने घासून निघतो. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. तो पाण्याने ओला करून घासावा, धूळ उडू देऊ नये, आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. पत्रा उघडा पडला की कोरडा करून त्याच दिवशी प्रायमर लावावा. दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत पुन्हा तांबूस होतो.

जेथे भोक पडले आहे तेथे मात्र एकच उपाय आहे: चांगला पत्रा लागेपर्यंत कापावे आणि त्याच जाडीचा नवा तुकडा सांधावा. हे काम घरी करू नये, मुरलेल्या वेल्डरकडे द्यावे. आपण तेथे उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात. उंबरा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा आधार जोडलेला असावा. एरवी गाडी मध्येच खचते, आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत. सांधा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग न ओढता थोडा येथे, थोडा तेथे असा ठिपक्याठिपक्यांनी घ्यावा, म्हणजे उष्णतेने पत्रा वाकडा होत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: बॅटरी सोडवून ठेवावी व पेट्रोलची टाकी गाडीतून काढून दूर न्यावी. रिकामी टाकी निर्धोक असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः तिच्यात उरलेली वाफ भरल्या टाकीहूनही घातक ठरते. ठिणगी पडताच तिचा स्फोट होतो.

पोचे काढण्याचे काम घरी शिकता येते. पत्र्याच्या मागे पोलादी ठोकळा धरावा, त्यास डेंटर लोक डॉली म्हणतात. पुढून हलक्या हाताने ठोकत पोच्याच्या कडेकडून मध्याकडे यावे. घाईने जोरात ठोकले तर पत्रा ताणला जातो, आणि डब्याच्या झाकणाप्रमाणे आतबाहेर टकटक करू लागतो. पोचा शक्य तितका उठल्यावर उरलेल्या खळग्यापुरता पुट्टीचा पातळ थर द्यावा. पुट्टीचे खरे काम तेवढेच. ती पाणी शोषून घेते, म्हणून तिला कोरडीच घासावी, आणि नाकातोंडावर चांगला मुखवटा बांधावा.

शेवटचा रंग बहुतेकांनी बाहेरच करवून घ्यावा हे बरे. दोन द्रव मिसळून तयार होणाऱ्या आजच्या मोटार-रंगांच्या फवाऱ्यात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांनी कायमचा दमा जडू शकतो, आणि तोंडावरच्या रुमालाने ती अडत नाहीत. रंग वाळल्यावर उंबऱ्यांच्या पोकळीत मेणयुक्त तेल फवारून घ्यावे व तळाची छिद्रे मोकळी असल्याची खात्री करावी. बाहेरून कोणासही न दिसणारे हे काम गाडीचे आयुष्य कित्येक वर्षांनी वाढविते.

कायद्याचीही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. भारत सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी निराळी नोंदणी सुरू केली. तिची फी वीस हजार रुपये ठेवण्यात आली. इंजिन, सांगाडा व काया यांत मोठा फेरबदल केलेली गाडी त्या नोंदणीस पात्र ठरत नाही, आणि अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या ये-जा करण्यास वापरता येत नाही. म्हणून मूळचा पत्रा शक्य तेथे राखावा, कापण्यापूर्वी चारी बाजूंनी छायाचित्रे काढावी, आणि केलेल्या प्रत्येक कामाची वहीत तारीखवार नोंद ठेवावी.

ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांनी पाऊस ओसरल्यावर एक रविवार सवड काढावी. रंगाचा डबा विकत घेण्याची घाई नको. ताडपत्री दूर करावी, घरातील मुलांना हाताशी घ्यावे, आणि फडक्यात गुंडाळलेले चुंबक त्यांच्याच हाती देऊन उंबऱ्यावरून फिरवावयास सांगावे. ते जेथे चिकटणार नाही, तेथे खडूने खूण करावी. खर्च किती येईल, काम किती दिवस चालेल आणि ते आपल्या आवाक्यातले आहे की नाही, याचा हिशेब त्या खुणा मोजूनच मांडावा.