झिजलेला खांदा

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने "विषय आपल्या आवडीचा" असे कळवले, तेव्हा त्यांच्या मनात प्रवासवर्णन किंवा नाट्यसंगीत असावे. मी मोटारीच्या टायरवर लिहिणार आहे हे समजल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "अहो, तुम्ही हाडांचे डॉक्टर, गॅरेज केव्हा काढलेत?" प्रश्न रास्त आहे. पण खांदा झिजल्याचे दुखणे माझ्याच प्रांतातले असल्यामुळे मी ते अतिक्रमण मानत नाही.

गेली तीस वर्षे रुग्ण तपासणीच्या खोलीत आला की मी आधी त्याच्या चपला पाहतो. टाचेची मागची-बाहेरची कड थोडी झिजलेली असणे ही निरोगी चालीची खूण. पुढचा भाग घासलेला असेल तर पाऊल नीट उचलले जात नाही. आतली कड दबली असेल तर तळवा सपाट असण्याची शंका घ्यावी. रुग्ण "दोन दिवसांपासून दुखतंय" म्हणतो, चप्पल दोन वर्षे सांगते. विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी ऐकवतो. आणि अशा या माणसाने आपल्या पुतण्याच्या गाडीचा टायर डोळ्यांसमोर असूनही पाहिला नाही, ही गोष्ट मला आधी कबूल केली पाहिजे.

पुतण्या अभियंता आहे, उद्यमबागेत नोकरी करतो आणि सुटीच्या दिवसांत हौशी मोटार-शर्यतींत भाग घेतो. बेळगावकरांना जवळ असा मोठा ट्रॅक नाही. कोईमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठायचा म्हणजे एकेका बाजूने आठशे-नऊशे किलोमीटरची मजल. यातल्या बऱ्याच स्पर्धांत आपली रोजच्या वापरातली गाडी नेता येते. ठरावीक फेऱ्यांची वेळ मोजतात आणि संध्याकाळी त्याच गाडीने, त्याच टायरवर माणूस घरी निघतो. या शेवटच्या वाक्यावर माझा सगळा आक्षेप उभा आहे.

2022 च्या ऑक्टोबरात मी हौसेने त्याच्याबरोबर गेलो होतो. स्पर्धा संपल्यावर पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड खरवडल्यासारखी दिसत होती. आम्ही दोघांनी ती पाहिली आणि खरे सांगायचे तर ती आम्हाला पदकासारखी वाटली. पुतण्याने खोली मोजायचे माप मधल्या खाचेत घातले. चार मिलिमीटर भरले. कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटरची, म्हणजे प्रश्नच मिटला! दुसऱ्या दिवशी चित्रदुर्गच्या अलीकडे पाऊस लागला, गाडी डावीकडे ओढू लागली, म्हणून एका पंक्चरवाल्यापाशी थांबलो. त्याने जॅक लावला, चाक फिरवले आणि तळहात टायरवरून असा हलकेच सरकवला, की आपण पोट तपासताना सरकवतो. मग कानडीत म्हणाला, "साहेब, या टायरवर इथपर्यंत आलात, देवाची कृपा. पुढे नेऊ नका." आतल्या बाजूला नक्षी शाबूत होती. बाहेरच्या खांद्यावर मात्र रबर संपून पोलादी तारा उघड्या पडल्या होत्या, बोटभर लांबीच्या. पुढे हुबळीपर्यंत दोनशे किलोमीटरचा ओला महामार्ग होता आणि मागच्या सीटवर माझी पत्नी झोपली होती.

टायर झिजल्याची खूण म्हणून जे उंचवटे ठेवलेले असतात, ते मुख्य खाचांच्या तळाशी असतात. खांद्यावर असा पहारेकरी नाही. सरळ रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ही व्यवस्था पुरते, कारण तिचा टायर साधारण सारखा झिजतो. जोरात घेतलेल्या वळणाचे गणित निराळे आहे. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर येते, गाडीचे अंग डावीकडे कलते आणि पुढचे डावे चाक वरच्या बाजूने बाहेर झुकते. तळ सपाट टेकण्याऐवजी टायर बाहेरच्या कडेवर तोल सांभाळतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन चालणाऱ्या मुलासारखा. खास शर्यतीच्या गाडीत चाक मुळातच वरून आत झुकवून बसवतात, म्हणजे वळणात ते सरळ होते. या झुकावाला कॅम्बर म्हणतात. रोजच्या वापराच्या गाडीत तो जवळजवळ नसतो आणि बहुतेक वेळा बदलताही येत नाही. त्या ट्रॅकवर उजवी वळणे अधिक होती, म्हणून डाव्या चाकाने मार खाल्ला. इतके साधे होते, आणि इतके साधे असूनही आम्हाला दिसले नाही.

परंतु बाहेरचा खांदा झिजला म्हणजे वळणेच कारण, असे धरून चालणे हाही निदानातला आळसच. हवा कमी असेल तर दोन्ही खांदे झिजतात आणि मधला भाग टिकतो. हवा जास्त असेल तर उलट. चाकांची तोंडे आत वळलेली असतील, म्हणजे अलाइनमेंटमधला 'टो' बिघडला असेल, तरीही बाहेरचीच कड जाते. पण तेव्हा नक्षीच्या प्रत्येक पट्टीला करवतीसारखी धार येते: हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर खरखरीत. खड्ड्यात आपटलेल्या गाडीत हे हमखास सापडते, मग ती कधी शर्यतीत गेलेली नसली तरी. वळणांनी झिजलेला खांदा मात्र गोल होतो, झीज कड ओलांडून बाजूच्या भिंतीवर उतरते आणि डाव्या-उजव्यात स्पष्ट फरक पडतो. खेरीज एकाच टायरवर तीन हजार किलोमीटर रस्त्याचे आणि वीस मिनिटे ट्रॅकची असे दोन्ही लिहिलेले असते. कोणते अक्षर कोणाचे हे ओळखायला सराव लागतो.

ताज्या टायरवर आणखी बारीक मजकूरही वाचता येतो. रबर खरबरीत पृष्ठावर घासले गेले की त्यावर बारीक वळ्या उठतात आणि त्या घासण्याच्या दिशेला काटकोनात असतात. ब्रिटनमधील रबर-संशोधक अॅडॉल्फ शालामाख यांनी 1950 च्या दशकात याचा अभ्यास केला. त्या नक्षीला त्यांचेच नाव आहे. चाक नुसते पुढे-मागे घसरले तर वळ्या टायरच्या रुंदीला आडव्या उठतात, बाजूला घसरले तर परिघाबरोबर धावतात, दोन्ही एकदम झाले तर तिरप्या. रस्त्यावर काही अंतर गेले की हा मजकूर पुसला जातो. चित्रदुर्गला तो अर्थातच शिल्लक नव्हता.

पुढच्या वर्षी आम्ही फेरी संपताच, चाक गरम असताना, बसून पाहिले. वळ्या तिरप्या होत्या, म्हणजे वळता वळता आणखी काही चालले होते. ब्रेक की अॅक्सिलरेटर, हे मला वळ्यांवरून सांगता येईना, म्हणून रुग्णाचा इतिहास घेतला. "काका, वळणात गाडी सरळच जायला लागते, म्हणून मी स्टिअरिंग आणखी फिरवतो; पण वेळ जाऊ नये म्हणून पाय काढत नाही," असे रुग्ण म्हणाला. इथे रोग सापडला. टायरची बाजूची पकड चाकाच्या काही अंशांच्या कोनापर्यंत वाढते. त्यापुढे स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी जास्त वळत नाही, रबर तेवढे किसले जाते. दुसरा दोष हवेचा होता. "हवा कमी केली की पकड वाढते" हे कोणाचे तरी ऐकून त्याने हवा 26 पौंडांवर आणली होती. मऊ भिंतींचा साधा रस्त्याचा टायर तेवढ्या हवेत वळणावर अक्षरशः कुशीवर लोळतो.

त्यावरचा उपाय दहा रुपयांचा निघाला. खांद्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत फळ्यावरच्या खडूच्या चार-पाच रेघा ओढायच्या, एक फेरी मारायची आणि खडू कुठपर्यंत पुसला गेला ते पाहायचे. पुष्कळ टायरांवर खांद्याच्या खाली लहानसा त्रिकोण कोरलेला असतो. खडू त्याच्या टोकापाशी थांबला तर ठीक, त्याच्याही खाली गेला तर हवा वाढवायची, कडेपर्यंत पोचलाच नाही तर कमी करायची. पुतण्या दोन-दोन पौंडांनी चढत 36 वर थांबला. हात आणि पाय सुधारायला मात्र चार स्पर्धा लागल्या. पुढचा टायर-संच त्याला पहिल्याच्या दुप्पट पुरला आणि वेळही सुधारली. माझ्या दृष्टीने ती गौण बाब. त्याच्या दृष्टीने तीच मुख्य.

आपल्या समाजातल्या अनेक डॉक्टरांची मुले आता या छंदात आहेत. पालक म्हणून आपण दोनच गोष्टी करताना दिसतो. एक तर "हे जीवघेणे खूळ बंद कर" म्हणतो, नाही तर मुलाने मागितलेले महागडे चिकट टायर आणून देतो. दोन्हींत तपासणीचा भाग गाळलेला आहे. माझ्या मते छंदाला विरोध करण्याचे कारण नाही. ट्रॅकवर हेल्मेट असते, रुग्णवाहिका उभी असते, समोरून ट्रक येत नाही. तिथे मला फारशी भीती वाटली नाही. भीती वाटली ती ट्रॅकच्या फाटकाबाहेर. नवे टायर तर दोष झाकतात. वेदनाशामक दिल्यावर लंगडणे थांबते, तसेच काहीसे.

कोणी म्हणतील, आता टायरचे तापमान मोजणारी यंत्रे आहेत, प्रत्येक वळणाचा वेग नोंदवणारी उपकरणे आहेत, मग हात फिरवत बसायचे कशाला? ही उपकरणे उत्तम आहेत, पुतण्याकडेही आहेत. पण खांद्यातून तार बाहेर आली आहे, हे त्यांतल्या एकानेही त्याला सांगितले नव्हते. एमआरआय आधी पाहून रुग्णाला नंतर चालायला सांगणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांशी माझा असाच जुना वाद आहे. तो इथे उकरत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. स्पर्धेआधी गाड्यांची तपासणी होते आणि कसोशीने होते. तशीच एक तपासणी परतीच्या वेळी व्हावी. पुढची दोन्ही चाके पूर्ण वळवून चारही खांदे पाहावेत, हाताने चाचपावेत आणि ज्याची तार दिसते त्याला स्टेपनी लावल्याशिवाय किंवा टायर बदलल्याशिवाय फाटकाबाहेर सोडू नये. एका गाडीला पाच मिनिटे पुरतात. आपल्या भागातल्या तरुणांच्या गटाला मी हे सुचवले, तेव्हा त्यांनी शंका काढली की दिवसभराच्या थकव्यानंतर त्या कामाला उभे कोण राहणार? पुढच्या खेपेला मी येतो, असे त्यांना सांगून ठेवले आहे. निदान मी करीन. गुडघ्यांवर बसून चाकाखाली वाकायला मात्र कोणीतरी तरुण द्यावा लागेल.