हलव्यात दूध कुठलं?

गेल्या दिवाळीत फराळाबरोबर माहीम हलव्याचा डबा घेऊन मी खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे गेले. मावशी बेने इस्रायली. बोलणं अस्सल कोकणी वळणाचं, आडनावाच्या शेवटी गावाचा 'कर'. त्यांनी कौतुक केलं आणि झाकण न उघडताच डबा बाजूला ठेवला. "दुपारी मटण झालंय गं. तुपातला असेल ना? उद्या खाईन." खरं सांगते, क्षणभर वाईट वाटलं. मग आठवलं, चतुर्थीला बाहेरचं काही आलं की माझ्या सासूबाईही असाच डबा बाजूला ठेवायच्या!

ज्यूंच्या आहारनियमांत बसणारं ते 'कोशर'. डुक्कर वर्ज्य, खवले नसलेली मासळी वर्ज्य, म्हणजे कोळंबीही गेली. मिठाईची अडचण मात्र वेगळी. मांस आणि दूध एका जेवणात नाही. मटणानंतर दुधातुपाचं खायचं तर मध्ये काही वेळ जाऊ द्यायचा. किती, ते ज्याच्या त्याच्या रिवाजावर. म्हणून कोकणात शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवणाऱ्या, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हणवल्या गेलेल्या या समाजाने नारळाला हाताशी धरलं. त्यांच्या नव्या वर्षाचा, रोश हशानाचा हलवा होतो गव्हाचा चीक, साखर आणि नारळाच्या दुधाचा. आपण कुरडयांसाठी काढतो तोच चीक. हा हलवा मटणाच्या जेवणावरही चालतो.

"हिरवा ठिपका बघून घ्यायचं की!" आमच्या बचत गटात एकीने सुचवलं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण २००१ मध्ये आलेला हा ठिपका मांस, मासे, अंडी नाहीत एवढंच सांगतो. दूध-तूप त्याला चालतं. उलट अंडं घातलेल्या, पण दूध-लोणी नसलेल्या केकवर तपकिरी त्रिकोण येणार, आणि बाकी जिन्नस कोशर असतील तर तो मावशींना मटणावरही चालणार. दोन्ही हिशेबच निराळे.

शिवाय सुट्या मिठाईवर ठिपका असतो कुठे? चांदीचा वर्ख पूर्वी जनावरांच्या आतड्याच्या, कातड्याच्या थरांत ठेवून कुटत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये त्यावर बंदी आणली, ती हवीच होती. आपल्यातल्या शाकाहारी बायकांनाही ते ठाऊक नव्हतं. २०२० मध्ये सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ही तारीख लावायचा नियम आला. पण तूप की वनस्पती, दूध कशाचं, हे विचारलं की काउंटरवरून उत्तर येतं, "सगळं शुद्ध आहे ताई." शुद्ध म्हणजे काय, ते कोण सांगणार?

१९४८ नंतर यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. उरलेल्यांना महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. इतक्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी हलवाई वेगळी कढई ठेवणार नाही, हे मलाही कळतं. पण ट्रेजवळ चार जिन्नस लिहिलेली चिठ्ठी लावायला काय खर्च येतो? उपासवाल्यांना, जैनांना, दूध न पचणाऱ्यांना, सगळ्यांनाच ती उपयोगी पडेल.

आमच्या गटाने यंदा पाकिटांवर चिठ्ठ्या लावल्या, आणि एक घाणा नारळाच्या दुधात, नव्या कोऱ्या पातेल्यात केला. मावशी मुद्दाम बघायला आल्या. तासभर ढवळून माझा हात मोडला होता. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं नि म्हणाल्या, "कडा सुटल्या नाहीत अजून. घोट गं, घोट!"