शनिवारचा पेपर

परीक्षेचं टाइमटेबल लागलं की तुम्ही आधी काय बघता? दोन पेपरांच्या मध्ये सुट्टी आहे का, अवघड विषय पहिल्याच दिवशी तर नाही ना, आणि शेवटचा पेपर कधी. वार कुठला आहे यानं आपल्याला फारसा फरक पडत नाही. पण महाराष्ट्रातल्या कॉलेजांत काही मोजकी मुलं अशी आहेत, ज्यांना वार आधी बघावा लागतो. ही मुलं ज्यू आहेत. धर्म काटेकोर पाळणाऱ्या ज्यू घरांत शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत शब्बाथ असतो. त्या वेळात काम करायचं नाही, आणि मनाई असलेल्या कामांत लिहिणंही येतं. म्हणजे शनिवारच्या पेपरला वर्गात जाऊन बसता येईल, पण पेन उचलता येणार नाही.

ज्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जेरुसलेम येतं, नाहीतर न्यूयॉर्क. अलिबाग येत नाही. खरंतर आपल्याकडचे बेने इस्राएल ज्यू म्हणजे पक्के कोकणी. नवगावजवळ जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि इथलेच झाले, अशी त्यांची परंपरेनं चालत आलेली कथा. आडनावं बघा: किहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर. घरची भाषा मराठी. सणांची नावंही मराठी: खिरीचा सण, दारफळणीचा सण. एका उपासाचं नाव तर चक्क ‘बिरड्याचा रोजा’! गावात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. ज्या शनिवारानं गावानं त्यांना ओळखलं, तोच शनिवार आज टाइमटेबलमध्ये आडवा येतो.

आपल्या कॉलेजांनाही हा समाज नवा नाही. कवी निस्सीम एझेकिएल यांनी मुंबईच्या मिठीबाई कॉलेजात इंग्रजी विभाग सांभाळला आणि पुढे मुंबई विद्यापीठात शिकवलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. जेरुशा झिराड 1919 मध्ये लंडनहून एमडी होऊन आल्या आणि पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. मुंबईतला डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा आहे, ते मुंबईचे महापौर होते.

मग आज ही मुलं कॅम्पसवर दिसत का नाहीत? साधं गणित आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत समाजातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. आज देशभरातले सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आसपास आहेत. एखाद्या कॉलेजात ज्यू विद्यार्थी असला तर बहुधा एकटाच असणार. एकट्याचं मंडळ होत नाही, आणि एकट्यानं प्राचार्यांकडे निवेदन नेलं तर त्यावर सही एकच असते.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे, कारण तिथे संख्या आहे. 1923 मध्ये इलिनॉय विद्यापीठात ‘हिलेल’ नावाचं ज्यू विद्यार्थ्यांचं केंद्र सुरू झालं आणि आज तशी केंद्रं शेकडो कॅम्पसवर आहेत. शुक्रवारी संध्याकाळी एकत्र जेवण, सणांचे कार्यक्रम, आणि दुसऱ्या धर्माचे मित्रही पंगतीला. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण कायद्यातली एक तरतूद. धार्मिक कारणानं एखाद्या दिवशी परीक्षेला बसता आलं नाही, तर कॉलेजनं विद्यार्थ्याला दुसरी संधी दिली पाहिजे, असं तिथे लिहिलेलं आहे. किती जणांनी मागणी केली, हा प्रश्नच येत नाही. एकटा असला तरी हक्क तोच.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनं 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. चांगलं झालं. पण त्यामुळे फॉर्मवरचा रकाना बदलला, म्हणून टाइमटेबल बदलतंच असं नाही.

तुम्ही म्हणाल, एका मुलासाठी हजारोंची परीक्षा हलवायची का? अजिबात नाही. परीक्षा जिथे आहे तिथेच राहू दे. खेळाच्या स्पर्धेला किंवा एनएसएसच्या कॅम्पला गेलेल्या विद्यार्थ्याची इंटर्नल बुडाली तर अनेक कॉलेजं ती पुन्हा घेतात. तीच खिडकी याही मुलासाठी उघडायची, एवढंच मागणं आहे. इंटर्नल, प्रॅक्टिकल, व्हायवा, सबमिशन हे तर बहुतांशी कॉलेजच्याच हातात असतं. विद्यापीठाच्या पेपरचं प्रकरण अवघड आहे, दुसरी प्रश्नपत्रिका काढावी लागते, हे मान्य. पण कठीण म्हणून विचारायचंच नाही, असं कसं चालेल?

‘उद्या प्रत्येक जण आपापला वार घेऊन येईल’ हा दुसरा आक्षेप. येऊ दे की. बहुतेकांचे मोठे सण कॅलेंडरमध्ये आधीच लाल रंगात छापलेले असतात, त्यामुळे मागायची वेळच येत नाही. सुट्टी न मागता मिळणाऱ्यांनी मागणाऱ्याला हट्टी म्हणू नये. दारफळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, वर्षातला सगळ्यात कडक उपास, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास येतो. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या इंटर्नल्स असतात.

सगळेच ज्यू विद्यार्थी शब्बाथ सारखाच पाळतात असंही नाही. कुणी शनिवारी पेपर देईल, कुणी देणार नाही. आपण परस्पर ठरवू नये, विचारावं. आणि विचारताना एक पथ्य पाळा. पश्चिम आशियातल्या युद्धाची बातमी आली की त्या मुलीला घेरून जाब विचारू नका. ठाण्याची पेणकर ही कुठल्या सरकारची वकील नाही. तिचं मत असेल, नसेलही. ते सांगायचं की नाही, हे ती ठरवेल.

तुम्ही सीआर असाल तर सेमिस्टरच्या सुरुवातीलाच वर्गात एक साधा प्रश्न विचारा: कुठल्या वारी किंवा सणाला परीक्षा देणं कुणाला अशक्य आहे? आलेली नावं टाइमटेबल लागायच्या आधी परीक्षा समितीकडे द्या, लेखी द्या. प्रॅक्टिकलची बॅच शनिवारची असेल तर तुमची बुधवारची जागा बदलून द्या. निवेदनावर एकच सही असेल, तर तिच्याखाली तुमची करा. तुमचा शनिवार मोकळा असला तरी.