वास्तुशिक्षणाची साधने कोणाच्या मालकीची?

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि नागपुरातील वास्तुकला महाविद्यालयांचे स्टुडिओ ओस पडले. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या केंद्रीय संस्थेपासून खाजगी महाविद्यालयांपर्यंत सर्वत्र शिक्षण पडद्यावर गेले. राज्यातील महाविद्यालये पुन्हा उघडली ती २० ऑक्टोबर २०२१ रोजी. जानेवारी २०२२ मध्ये ती काही काळ परत बंद ठेवावी लागली. साथीच्या दिवसांत दुसरा मार्ग नव्हता, हे कोणीही मान्य करील. परंतु संकटात पत्करलेली तडजोड संकट सरल्यावर धोरण म्हणून पुढे येऊ लागली, म्हणजे तिचा जमाखर्च तपासणे भाग पडते.

वास्तुकलेचा पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा असून त्याचा कणा स्टुडिओ हा आहे. तेथे शिक्षक विद्यार्थ्याच्या नकाशावर पारदर्शक कागद पसरतो आणि पेन्सिलीने जिना दोन फूट सरकवून दाखवतो. भोवती उभे असलेले चौघेजण ते पाहतात व न विचारता शिकतात. पुठ्ठ्याचे मॉडेल हातोहात फिरते, कोणी त्यात वाकून पाहतो आणि उजेड कोठून येणार याची शंका काढतो. दूरस्थ वर्गात शिक्षकाचा आवाज प्रत्येकापर्यंत पोहोचला. शेजाऱ्याच्या चुकीतून मिळणारे शिक्षण मात्र थांबले.

याची एक आर्थिक बाजू आहे, आणि तिची चर्चा फारच थोडी झाली. स्टुडिओ हे विद्यार्थ्यांचे सामायिक भांडवल असते. मोठी टेबले, मॉडेल बनवण्याची कार्यशाळा, ग्रंथालय, संगणक कक्ष, आणि रात्री उशिरापर्यंत काम करता येईल अशी निवांत जागा ही सारी साधने महाविद्यालय पुरवते. बंगल्यात राहणारा आणि एका खोलीत पाच माणसांसह राहणारा असे दोन्ही विद्यार्थी ती सारख्याच हक्काने वापरतात. शिक्षण घरी गेले, त्या दिवशी हे भांडवल सामायिक राहिले नाही. ज्याच्या घरी जे होते, तेवढेच त्याच्या वाट्याला आले.

घरी काय होते, हे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीने आधीच सांगून ठेवले होते. २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरी भागात हे प्रमाण २३.४ टक्के होते. वास्तुकलेच्या आराखड्यांना साधा संगणकही पुरत नाही, चित्रप्रणाली पेलणारे महागडे यंत्र लागते. गडचिरोलीतून किंवा मेळघाटातून नागपुरात शिकायला आलेला मुलगा वसतिगृह सोडून गावी परतला, तेव्हा त्याच्या हाती बहुधा मोबाईलच उरला. त्या चिमुकल्या काचेवर इमारतीचा छेद वाचणे म्हणजे किल्लीच्या भोकातून वाडा पाहणे होय. अभ्यासात तो मागे पडला, तर ती त्याच्या बुद्धीची उणीव समजणे हा उघड अन्याय आहे.

दुसरी हानी शहराशी तुटलेल्या नात्याची. पॅट्रिक गेडिस यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नागपूरच्या नगररचनेवर अहवाल लिहिला. गल्लीबोळ पायी फिरावेत, लोक कसे राहतात ते पाहावे आणि मगच नकाशाला हात घालावा, ही त्यांची रीत होती. दीक्षाभूमीच्या पोकळ घुमटाखाली माणूस उभा राहतो तेव्हा त्या अवकाशाचे माप त्याला शरीराने कळते. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहू लागले. तेथील बापूकुटीच्या मातीच्या भिंती वैदर्भीय उन्हाळा कसा अडवतात, हे मे महिन्याच्या दुपारी तेथे बसल्यावाचून उमगत नाही. छायाचित्रात उष्मा नसतो.

बांधकामावर न गेलेल्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे माणसाचे श्रम. आपण काढलेली रेषा गवंड्याला किती महागात पडते आणि घमेली वाहणाऱ्या बाईला किती खेपा घालाव्या लागतात, हे जागेवरच कळते. २०२० च्या त्या उन्हाळ्यात हजारो मजूर नागपुरावरून पायी आपापल्या गावी चालले होते. त्यांत घरे बांधणारेही होते. घरे रेखाटायला शिकणारी पिढी त्याच वेळी पडद्यासमोर बसली होती. या दोघांची गाठच पडली नाही, तर उद्याच्या वास्तुरचनेत मजुराच्या निवाऱ्याला जागा कोण ठेवणार?

दूरस्थ माध्यमाचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. परगावच्या तज्ज्ञाचे व्याख्यान ऐकता येते, वास्तुकलेच्या इतिहासाचा पाठ पुन्हा पाहता येतो. तेवढ्यापुरते ते जरूर वापरावे. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' या संगणकीय मंचावरून घेण्याची मुभा विद्यापीठांना दिली आहे. ही हवा वास्तुशिक्षणाकडेही वळेल. शिक्षक नेमण्यापेक्षा ध्वनिचित्रफीत स्वस्त पडते, हे संस्थाचालकांना सांगावे लागत नाही. खर्च त्यांचा वाचेल आणि तो विद्यार्थ्याच्या घरावर पडेल.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थी संघटनांनी काही मागण्या नेटाने लावून धरल्या पाहिजेत. स्टुडिओ व बांधकामाचे विषय प्रत्यक्षच शिकवले जावेत. शिष्यवृत्तीत संगणक आणि साहित्य यांचा खर्च धरला जावा. संगणक कक्ष व कार्यशाळा रात्रीही खुल्या राहाव्यात. पुन्हा कधी महाविद्यालये बंद करण्याची वेळ आलीच, तर यंत्रे कपाटात कुलूपबंद न ठेवता गरजू विद्यार्थ्यांना घरी वापरायला द्यावीत. साधने सर्वांची राहिली, तरच कोरची-धारणीचा मुलगा नागपूरच्या मुलाशेजारी बरोबरीने टेबलाशी उभा राहील.